आधी भाऊबंद, मग रोट

माझी नात भूमिका जळगावला नोकरी करते. काय करते ते तिच्या बापाला, माझ्या ललितला, अजून धड सांगता येत नाही. कोणी विचारलं की "कॉम्प्युटरचं काहीतरी आहे" म्हणून मान खाली घालतो, जशी पोरगी पत्ते कुटायला जाते. मी सांगते ना! खान्देशातल्या कुळाकुळांच्या रीती कॉम्प्युटरला समजावून द्यायच्या, हे तिचं काम. सुरतेला, पुण्याला गेलेल्या पोरांनी फोनला विचारायचं, "आमच्यात कानबाईला काय करतात?" आणि फोनने सांगायचं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. तर बसा जरा. कानबाई ही आमची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी तिला नदीवर बोळवतात. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पुढे एक शब्द काढा, भांडण! कोणाची कानबाई एकटी बसते, कोणाची जोडीच्या रानबाई देवीला घेऊन. कोणाकडे हे चालतं, कोणाकडे त्याचा विटाळ. शिरपूरच्या बाईला अमळनेरची रीत सांगून बघा, तुम्ही तिच्या ताटात चप्पल ठेवल्यासारखी बघेल. कुठे लिहिलेलं काही नाही, ज्याच्या त्याच्या सासूच्या तोंडात. भूमिकेच्या ऑफिसातले किरण सर म्हणतात, हे नुसतं गोळा करून भागत नाही, मांडावं लागतं, म्हणजे यंत्राला त्यावर विचार करता येतो. त्या मांडण्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मी मांडणी म्हणते. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं पुरतं.

आषाढात भूमिका लॅपटॉप घेऊन गावी आली आणि म्हणाली, "आजी, आपल्याच कुळापासून सुरुवात करते."

"मग काय शेजारच्यांपासून करशील?" मी म्हटलं.

पहिल्याच दिवशी तिने गंमत दाखवली. तिने यंत्राला एवढंच सांगितलं होतं की माझे देवाघरी गेलेले मालक जीवराम आणि धुळ्याचा झुलाल हे सख्खे भाऊ, आणि ललित हा जीवरामचा मुलगा. मग फोन माझ्यापुढे धरला. "विचार, झुलाल ललितचा कोण?" मी विचारलं. फोन बोलला, "झुलाल हे ललित यांचे काका."

"ए, हे कोणी सांगितलं त्याला?"

"कोणी नाही! दोन गोष्टी दिल्या की तिसरी ते स्वतः काढतं."

मला असा हुरूप चढला की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठले नाही. म्हटलं, अशी सून मिळाली असती तर! मग रोज दुपारी भूमिका विचारायची आणि मी सांगायची. देवीचं नारळ कसं सजवायचं, सुतक कोणाचं धरायचं, पंगत कशी बसवायची. मी सांगतेय आणि पडद्यावर गोल उमटताहेत, गोलातून बाण निघताहेत. आयुष्यभर माझं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडणारं घर हे. पहिल्यांदा कोणीतरी सगळं धरून ठेवत होतं.

मग रोटांची पाळी आली. कानबाईच्या रोटांचे गहू मुठीने मोजतात. आमच्यात फक्त पुरुषांच्या नावाने, एकेकाची सव्वा मूठ. त्या पिठाचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला कण नाही, सोयऱ्याला कण नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही.

"भाऊबंद म्हणजे नेमकं कोण, आजी?" भूमिकेने विचारलं. "एका वाक्यात सांग."

"ज्या घरची मूठ पडते ते घर भाऊबंद. मूठ नाही ते परकं."

"नक्की?"

"दगडावरची रेघ आहे. टाक."

तिने टाकलं. सगळ्यात वर टाकलं आणि बाकीचं सगळं त्याच्याखाली लटकवलं.

कानबाई आठवड्यावर आली तेव्हा माझी धाकटी जाऊ भागाबाई धुळ्याहून पितळ घासायला आली. दरवर्षी येते. भागा आली की घरात दोन आवाज होतात, एक माझा आणि दुसरा माझ्यावरचा. गेल्या वर्षी आषाढात तिचा झुलाल गेला. सुतकामुळे गेल्या साली आमच्या कुळाची कानबाई बसलीच नाही, म्हणून यंदा सगळ्यांनाच उत्साह होता. भागाला एकच लेक, नूतन, ती भडगावला दिलेली. धुळ्याच्या घरात आता भागा एकटी.

आम्ही दोघी ओसरीत चिंच घेऊन समया, तांबे घासत होतो. चुलत दीर सुकदेव नाना खाटेवर चहा पीत बसले होते. भूमिकेला राहवेना. तिला तिची कलाकारी दाखवायची होती. नाना म्हणाले, "बेटा, त्याले इचार, आमनी कानबाईना रोट यंदा कोन कोन खाई?"

भूमिकेने विचारलं. फोन बोलायला लागला. ललितचं घर, नानांचं घर, नानांच्या भावाचं घर. नाना प्रत्येक नावाला खुशीत मान हलवत होते. आणि मग त्याच गोड आवाजात, "भागाबाई यांचं घर भाऊबंद नाही. या घराला रोट खाता येणार नाहीत."

नानांचा कप तोंडाशीच राहिला.

"थांबा, थांबा, काहीतरी चुकलं," भूमिका म्हणाली.

"थांबू कसाले?" भागा म्हणाली. "तुनं यंत्र खोटं बोलस का?"

"खोटं नाही, पण त्याला जे सांगितलं त्यावरून ते…" पोरगी मध्येच अडली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मग नानांनी बघितलं. मग भागाने.

"अक्का, हाई तू सांगेल शे?"

"मी फक्त मुठीचा नियम सांगितला, भागा. तो काय आजचा आहे का?"

"समजी गयं. मन्हा घरमा आते पुरुष नही, म्हनीसन मूठ नही. मूठ नही, म्हनीसन मी परकी." तिने हात धुतले, पिशवी उचलली. "यंदा मन्ही कानबाई मी धुळाले बसाडसू. तुमना रोट तुमीच खा."

अर्धी घासलेली समई तिथेच टाकून ती एसटी गाठायला निघून गेली. मी हाक मारली नाही. माझा स्वभाव तसा नाही. पण मला कळत होतं काय होऊ घातलंय ते. कुळाची कानबाई एकदा दोन ठिकाणी बसली की पुन्हा एका ठिकाणी येत नाही. लोणचं नासलं की नासलं, तसंच ते. आणि खरं सांगू? भागा गेली तर या घरात मला उलट उत्तर देणारं राहिलं कोण? ललित? तो तर हूं म्हणायलाही बायकोकडे बघतो.

मी सगळा राग भूमिकेवर काढला. "फेक ते यंत्र गिरणा नदीत!"

"गिरणा इथून लांब आहे, आजी," ती म्हणाली. डोळ्यात पाणी, पण तोंड माझंच घेतलंय पोरीने. "आणि यंत्राने पदरचं काही घातलं नाही. तुझा नियम त्याने शेवटपर्यंत नेला. तुम्ही कोणीच कधी शेवटपर्यंत नेला नव्हता, म्हणून चालत होतं."

हे मला झोंबलं. म्हटलं, "असं? मग मला विचार त्याला. मी कोण?"

तिने विचारलं. फोन म्हणाला, "कमलबाई यांचं घर भाऊबंद आहे. कारण, ललित यांची मूठ."

काय?

ललितची मूठ? ज्याला शेंबूड पुसायला मी शिकवलं, त्याच्या मुठीवर मी या कुळात? या घरची समई कोणी पेटती ठेवली, ललितने? कानबाईपुढे रात्रभर गाणी कोण म्हणतं, ललित? तो नऊ वाजता घोरायला लागतो!

भूमिका हसायला लागली. रडता रडता हसत होती. "मीसुद्धा पप्पांच्याच मुठीवर आहे, आजी. आपण दोघी एकाच मुठीत."

"उघड ते," मी म्हटलं. "उघड तो लॅपटॉप. सगळं उसवून काढ."

आणि मग जे सुरू झालं ना! माझ्या लग्नात एवढी धांदल नव्हती. तिने पडदा माझ्याकडे वळवला. सगळे गोल, सगळे बाण वर वर जाऊन एकाच गोलात घुसत होते, मुठीत. पंगत मुठीवर, सुतक मुठीवर, देवीसुद्धा मुठीवर. एक खुंटी उपटली की सगळा संसार खाली.

"हीच चूक," भूमिका म्हणाली. "सगळं एकालाच टांगलं मी. याच्या वेगवेगळ्या खोल्या करायला हव्यात. कुळाची एक, रोटांची एक, सुतकाची, देवीची. प्रत्येक खोली आपापली. एका खोलीला दुसरीकडून काही हवं असेल तर दारातून विचारायचं, भिंत फोडायची नाही."

"आणि दार कुठल्या बाजूने उघडायचं?"

"म्हणजे?"

"अगं, पाहुणे आले की स्वयंपाकघरातली बाई ओसरीला विचारते, किती माणसं आली? तेवढी कणीक भिजवते. ओसरी कधी आत येऊन विचारते का, कणीक किती आहे, तेवढीच माणसं घरात घेतो म्हणून?"

भूमिका एकदम ओरडली, "उलटं दार! आजी, आपण उलटं दार बसवलं होतं! रोटांनी कुळाला विचारायचं, भाऊबंद कोण? कुळाने रोटांना कधीच विचारायचं नाही!"

आता ती ऑफिसात सांगते की दाराची गोष्ट तिला सुचली. खोटं आहे. खोल्या तिच्या, दार माझं.

कुळाच्या खोलीत तिने मुठीचं नावच ठेवलं नाही. या घरात जन्मलं नि लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलं नाही, नाहीतर लग्न करून या घरात आलं, ते कुळातलं. नवरा असो की नसो. मुठीचा नियम उचलून रोटांच्या खोलीत ठेवला. मग म्हणाली, "आता बघायला हवं, खोली बदलली तर घर पडतं का." तिने भडगावला नूतनला फोन लावला आणि तिच्या सासरची रीत विचारली. त्यांच्यात म्हणे बाया, पोरं, तान्हं बाळ, सगळ्यांच्या नावाने मूठ पडते. मी म्हटलं, "असं कुठे असतं का?" भूमिका म्हणाली, "असतं, आजी, भडगावला असतं." तिने आमची रोटांची खोली काढली आणि त्यांची बसवली. मी श्वास धरून बसले. विचारलं ते सगळं बरोबर आलं, आणि कुळाच्या खोलीला धक्कासुद्धा लागला नाही. आमची परत बसवली. तीही बसली!

"समजलं का तुला काय झालं?" भूमिका उड्या मारायची बाकी होती. "आता कोणाचीही रीत आली तरी तिच्यासाठी खोली बनवायची नि बसवायची. कोणाची खोटी ठरवायची गरज नाही!" तिने किरण सरांना फोन लावला. ते पलीकडून एवढ्या मोठ्याने बोलत होते की मला फोनची गरजच नव्हती. मी तिचे हात धरले आणि ओसरीत फुगडीचे दोन फेर घातले. गुडघा काहीतरी म्हणत होता. मी ऐकलं नाही.

दम खाल्ल्यावर मी विचारलं, "मग भागाच्या घरची मूठ कोणाच्या नावाची?"

भूमिकेचा चेहरा उतरला. "ते माहीत नाही. कुळात त्या आहेत, पण तुझा नियम पुरुषांचा. पुरुष नसलेल्या घराचं काय करायचं ते तू सांगितलेलंच नाहीस."

"म्हणजे ते पुन्हा 'नाही' म्हणणार?"

"नाही म्हणणार नाही आता. आधी मी त्याला असं शिकवलं होतं की जे सांगितलं नाही ते नाहीच समज. आता ते म्हणेल, माहीत नाही."

हा फरक केवढा! भाकरी नाही, आणि भाकरी आहे का ते टोपलं उघडून बघितलं नाही, या दोन गोष्टींच्या मधे उपाशी माणसाचा जीव असतो.

"मग सांग ना, काय टाकू?" तिने बोटं तयार ठेवली.

"इथे बसून नाही सांगायचं," मी म्हटलं. "चल, लुगडं बदलते."

अमळनेरहून धुळ्याची एसटी पकडली. भागाचं दार उघडंच होतं. समोर नवा कोरा चौरंग, शेजारी नारळ, गेरूचा वास. बाईने बोलल्याप्रमाणे तयारी केली होती.

"कसाले उनी?" भागा म्हणाली. "वाट चुकनी का?"

"वाट नही चुकनी. नियम चुकना."

तिने पाणी दिलं. पाणी दिलं म्हणजे दार बंद नव्हतं. भूमिकेने फोन तिच्यापुढे ठेवला तर तिने तोंड फिरवलं. "त्याले मी काय इचारू? त्यानी माले दार दखाडेल शे." पण भागाला मी ओळखते. थोडा वेळ गेला, चहा झाला आणि तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून फोनकडे बघत विचारलंच, "कमलबाई कोन शे?"

"कमलबाई लग्न करून या कुळात आल्या आहेत. त्या भाऊबंद आहेत."

"आनि भागाबाई?"

"भागाबाई लग्न करून या कुळात आल्या आहेत. त्या भाऊबंद आहेत."

"दोन्ही सारख्या?" भागा फोनला म्हणाली. "मोठी-ल्हानी काही नही?"

"कुळाच्या खोलीत मोठं-लहान नसतं, आजी," भूमिका म्हणाली. "ते मानाच्या खोलीत. ती अजून बांधायचीय."

"मंग ती बांधूच नको," भागा म्हणाली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी बघितला. पण लगेच तिने मुद्द्यालाच हात घातला. फोन जवळ ओढला. "मन्हा घरनी मूठ कोना नावनी पडी?"

माझे कान फोनला चिकटले. भूमिका ओठ चावत होती.

"हे अजून कोणी ठरवलेलं नाही," फोन म्हणाला. "कुळातल्या मोठ्या माणसाला विचारा."

भागाने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. सरळ. "सांग मंग."

आमच्या कुळात बाईच्या नावाची मूठ कधी पडली नाही. माझ्या सासूची नाही, तिच्या सासूची नाही. पण त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. मला विचारलं होतं. आणि मला विचारल्यावर मी माहीत नाही म्हणणारी नाही.

"तुन्हा नावनी," मी म्हटलं.

"बाईना नावनी?"

"बाईना नावनी. घर तुनं, मूठ तुनी."

"बठ्ठा लोके काय म्हनतीन?"

"बठ्ठा मन्हा ओसरीमा रोट खातस. तोंड भरेल ऱ्हास त्यासनं."

भागा खळखळून हसली. झुलाल गेल्यावर पहिल्यांदा. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आनि तू? तू ललितनाच मुठमा ऱ्हाशी का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! भागाच्या घरात पुरुष नाही म्हणून तिची मूठ, एवढाच माझा हिशेब होता. माझ्या घरात ललित आहे, म्हणजे झालं. पण ललितची मूठ ललितची. तो फोनचा गोड आवाज मला आठवला, "कारण, ललित यांची मूठ", आणि परत अंगाची आग झाली. भूमिकेची बोटं तयारच होती.

"टाक," मी म्हटलं. "दोघींची टाक."

"दोघींचीच? का लग्न करून आलेल्या सगळ्यांची?" पोरगी विचारते कशी बघा. एका फटक्यात माझी सून आत घेतली, नानांची बायको आत घेतली.

"सगळ्यांची," भागा माझ्या आधी बोलली.

"आणि घरातल्या पोरींची?" भूमिकेने हळूच विचारलं.

"तू आधी टाईप कर," मी म्हटलं. "स्वतःचं नाव कसं लिहितात ते माहीत आहे ना?"

रविवारी कानबाई माझ्या ओसरीत बसली, भागाच्या नव्या चौरंगावर. तो चौरंग तिने एसटीत मांडीवर घेऊन आणला आणि कंडक्टरशी भांडून त्याचं तिकीट काढलं नाही. त्याआधी गहू मोजायला सगळे जमले तेव्हा मी आधी पुरुषांच्या मुठी टाकल्या आणि मग मोठ्याने म्हटलं, "भागाबाई." मूठ टाकली. वर पाव. सुपात गहू सांडल्याचा आवाज झाला.

सुकदेव नाना खाटेवर उठून बसले. "बाईना नावनी मूठ? हाई कोनी सांगं?"

मी तोंड उघडणार होते, पण भूमिकेने फोन पुढे केला. "त्यालाच विचारा, नाना."

नानांनी विचारलं. फोन म्हणाला, "या कुळाचा हा नियम कमलबाई आणि भागाबाई यांनी सांगितला आहे."

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भागाकडे, आणि परत आडवे झाले. आम्हा दोघींशी एकदम भांडण्याची ताकद या कुळात कोणाच्या अंगात नाही. मी माझी मूठ टाकली, सुनेची टाकली, नानांच्या बायकोची टाकली, भूमिकेची टाकली. भागा सुपाकडे बघत म्हणाली, "अक्का, मन्ही मूठ तू ल्हानी टाकी." मी तिचा हात धरून तो गव्हात घातला आणि म्हटलं, "टाक तूच." तिने टाकली. चांगली भरून टाकली, ओंजळीएवढी.

मग भूमिकेच्या कानाशी जाऊन, मला ऐकू यावं अशा बेताने म्हणाली, "त्याले सांगी ठेव, पुढला साल मन्हं नाव पहिले."